परगृहीं राहतांना

(सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठीं भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत, तारीख १ ते ६ या दिवसांत, पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें जागतिक युवा दिनाचा सोहळा झाला. तेथें स्वयंसेवेसाठीं आपल्या धर्मग्रामांतून आम्ही दोघी गेलों होतों. टेगस नदीच्या कांठचा तो अफाट जनसमुदाय व पोप फ्रान्सिस यांनीं अर्पण केलेला मिस्सा आपण चित्रांतून पाहिलाच आहे. आज आपणांपुढें बोलावयाचें आहे तें ज्या घरीं आम्ही तीन आठवडे राहिलों, त्या घराविषयीं.

यजमानीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, घरांत एकट्या. दारांतच त्यांनीं आमच्या दोन्ही गालांचें चुंबन घेतलें. तिकडील रीतच ती; परंतु आम्हांस मान कोणत्या बाजूस वळवावी हेंहि कळेना! आमचें पोर्तुगीज नमस्कारापलीकडे जात नव्हतें. तथापि स्वयंपाकघरांत शिरतांच नवल घडलें. तेथें चावीस ‘शाव्ह’, कोबीस ‘कोव्ह’, मेजास ‘मेझा’ म्हणतात. साबण आणि पाव हे तर ऐकतांक्षणींच ओळखूं आले. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, हें आम्ही शाळेंत शिकलों होतों. त्या अंमलाचे उरलेले चार शब्द परक्या घरीं भुकेच्या वेळीं कामीं येतील, असें मात्र स्वप्नांतहि नव्हतें. खारवून वाळविलेला कॉड मासा त्यांनीं पाण्यांत भिजत घातला, तेव्हां त्याच्या वासानें आम्हांस आपल्या सुक्या बोंबलांची आठवण होऊन डोळे भरून आले. रात्रीचें जेवण मात्र फार उशिरा. पावणेनऊपर्यंत बाहेर उजेड, आणि आमच्या पोटांत कावळे!

पण खरी अडचण भाषेची नव्हे, अन्नाचीहि नव्हे. आम्ही सेवा करावयास गेलेल्या, आणि घरीं बशी उचलूं गेलें तरी बाई ती हातांतून काढून घेत. चार दिवस आमचा असा पाहुणचार झाला, आणि ते चारहि दिवस आम्ही त्या घरांत परक्याच होतों. पांचव्या रात्रीं सेवेचें काम लांबून परतावयास एक वाजला. पाहतों तों बाई खुर्चींत जाग्याच. सूप चुलीवर ऊन ठेवलेलें. आम्हांस पाहतांच त्यांनीं जें बोलावयास आरंभ केला, त्यांतील एकहि शब्द आम्हांस समजला नाहीं. पण स्वर ओळखीचा होता. उशीर झाला म्हणजे आमच्या आयाहि ह्याच स्वरांत बोलतात! दुसर्‍या दिवशीं त्यांनीं घराची चावी आमच्या हातीं दिली, कांदे पुढें ठेवले, आणि त्या रात्रीं त्या घरीं डाळभात शिजला.

आम्ही निजत होतों ती खोली त्यांच्या मुलाची. तो कामधंद्यासाठीं फ्रान्सांत स्थायिक झालेला. दरवर्षीं ऑगस्टांत घरीं येई, त्या वर्षीं येणार नव्हता. त्याचीं शाळेचीं पुस्तकें फळीवर तशींच होतीं. निरोपाच्या दिवशीं बाईंनीं आमच्या चादरी धुवावयास काढल्या नाहींत. कां, तें आम्हीं विचारलें नाहीं.

आपल्या धर्मग्रामांत आखातांत व कॅनडांत गेलेल्या मुलांच्या बंद खोल्या कांहीं थोड्या नाहींत; रविवारीं झाडून घेऊन पुन्हा कुलूप लागतें. महोत्सवासाठीं बाहेरगांवाहून येणार्‍या गायकवृंदांतील मुलामुलींस सभागृहांत सतरंजीवर निजविण्याचें घाटत आहे, असें ऐकतों. सोय होईल खरी. पण तीं मुलें आपलें सभागृह पाहून जातील, आपणांस नव्हे. आम्हां दोघींच्या घरांतील चार जागा आम्हीं फादरांस कळविल्या आहेत. अद्याप वीस हव्या आहेत. नांवें येत्या रविवारीं मिस्सेनंतर मंडपाच्या दाराशीं लिहून घेतलीं जातील. आणि जीं मुलें आपल्या घरीं उतरतील, त्यांच्यांतील एकाच्या तरी हातीं पहिल्याच सायंकाळीं विळी द्यावी, एवढी विनंती आहे.