वॉटरफर्डच्या वतीने स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि आयर्लंडभरातल्या रविवारच्या मराठी शाळांमधून आलेल्या शिक्षक-पालक मंडळींनो,

सुइर नदीकाठच्या या शहरात आपलं मनःपूर्वक स्वागत. व्हायकिंगांनी ९१४ साली वसवलेलं हे आयर्लंडमधलं सर्वांत जुनं शहर. इथली काच जगप्रसिद्ध आहे. पण मला अभिमानाने सांगायचं आहे ते बॅरॅक स्ट्रीटवरच्या शाळेबद्दल.

ती काढणारा एडमंड राइस हा कॅलन गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. काकांच्या पेढीवर काम शिकायला इथे आला आणि बंदरातल्या व्यापारात चांगला स्थिरावला. ऐन तारुण्यात पत्नी गेली, पदरात अधू मुलगी. पुढे सगळा व्यापार आवरून १८०२ मध्ये त्यांनी न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात गरिबांच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच बॅरॅक स्ट्रीटवरची ही माउंट सायन शाळा उभी राहिली. शाळेला लागून त्यांनी पावाची भट्टी घातली, शिंपी बसवले. उपाशी, उघड्या पोराला आधी पाव आणि कपडे, मग पाटी! शाळा आजही भरते. राइस तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. मंडळी, उद्या सकाळी तिथे जाऊन याच.

राइस यांच्या शाळेच्या आधीच्या काळात कॅथलिकांना शिकवण्याची कायद्याने बंदी होती, तेव्हा मास्तर कुंपणाआड, गोठ्यात वर्ग भरवत. जळणासाठी मुलं काखेत पीटचा तुकडा घेऊन यायची. यातल्या कितीतरी आठवणी उरल्या त्या पुढच्या पिढीतल्या शाळकरी मुलांमुळे. १९३७ ते १९३९ या काळात देशभरातल्या पाचवी-सहावीच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून जुन्या शाळांच्या हकिगती वह्यांत उतरवल्या. आपल्या रविवारच्या वर्गांतही असा गृहपाठ द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आता व्यवस्थेबद्दल. हॉल लहान पडतो आहे, मागच्यांना उभं राहावं लागतंय, क्षमा असावी. गाड्या लावायला जागा अपुरी आहे. काही पाहुण्यांची सोय घरोघरी करावी लागली. अंथरुणं कमी पडली असतील तर मला हक्काने सांगा. जेवण दोन पंगतींत होईल, लहान मुलं आणि ज्येष्ठ पहिल्या पंगतीला.

तांदूळ-डाळ देणारे दुकानदार, विनामूल्य हॉल देणारे विश्वस्त, रात्री जागून पुरणपोळ्या लाटणाऱ्या भगिनी, सतरंज्या वाहणारी तरुण मंडळी, नाव जाहीर करू नका असं बजावून मोठी रक्कम देणारे दोन देणगीदार, आणि ओव्हन वापरायला देणारे शेजारचे आयरिश काका-काकू, या सर्वांचे मी अंतःकरणापासून आभार मानतो.

अध्यक्षांनी दीपप्रज्वलनासाठी यावं, अशी विनंती करतो.