मनोरुग्णाची आई

घरांतील तरुण मुलाला ज्वर आला, तर शेजारीपाजारी विचारपूस करण्यास येतात. तोच मुलगा भिंतीशीं बोलूं लागला, जेवणांत विष कालविलें आहे असें म्हणूं लागला, म्हणजे शेजाऱ्यांची पावलें दाराबाहेरच थांबतात, आणि चौकशी होते ती आईची. लहानपणीं फार लाड केले काय? कीं धाक फार दाखविला? विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यांतही हे प्रश्न थांबलेले नाहींत.

हा दोष केवळ शेजाऱ्यांनींच लावला, असें मात्र नव्हे. १९४८ सालीं अमेरिकेंतील नामांकित मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनीं ‘स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी माता’ अशी संज्ञा वापरली, आणि पुढें कित्येक वर्षें पुष्कळ डॉक्टर आईकडे संशयानें पाहत राहिले. आनुवंशिकता व मेंदूचे व्यापार यांचा अभ्यास वाढला, तसा या कल्पनेचा आधार सुटला. पण विद्वानांनीं सोडून दिलेला आरोप आईच्या मनांतून इतक्या सहजासहजीं निघत नाहीं.

१९५० नंतरच्या दशकांत लंडन येथें जॉर्ज ब्राउन यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. इस्पितळांतून सुटून जे रुग्ण आईकडे वा पत्नीकडे परतले, त्यांचा आजार, भाड्याच्या खोलींत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षां अधिक वेळां उलटला. पुढें शोध घेतां दिसलें तें असें: घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा अतोनात काळजी असेल, आणि माणसें आठवड्यांतून ३५ तासांहून अधिक वेळ समोरासमोर असतील, तर धोका वाढतो. आजार कां जडतो, याचें उत्तर यांत नाहीं. तो उलटूं नये म्हणून काय करावें, एवढेंच यांत आहे. हा भेद आईला सर्वांच्या आधीं सांगितला पाहिजे. तो न सांगतां ‘तुम्ही जरा कमी बोला’ असा उपदेश केला, तर जुनाच आरोप नव्या शब्दांत तिच्या पदरीं पडतो. ‘रात्रभर जागायचें आम्हीं, आणि शिकवायचें यांनीं!’ असें एखादी आई म्हणाली, तर तिचें काय चुकलें?

कुटुंबोपचारांचा गुण मात्र खरा आहे. १९८२ सालीं ज्यूलियन लेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडनमधील २४ रुग्णांच्या कुटुंबांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. औषधें सर्वांनाच चालू होतीं. नऊ महिन्यांत एका गटांतील निम्मे रुग्ण पुन्हा आजारी पडले. ज्यांच्या घरच्यांना आजाराची माहिती दिली, नातेवाइकांच्या बैठका घेतल्या व घरीं जाऊन बोलणें केलें, त्यांच्यांत एकच.

असल्या बैठकींत आई काय शिकते? अकरा वाजेपर्यंत अंथरुणांत पडून राहणें हा आळस नसून आजाराचाच भाग असूं शकतो, हें तिला प्रथमच कळतें. मग ‘एवढा घोडा झालास, लाज नाहीं वाटत?’ याऐवजीं ‘चहा ठेवतें आहे, उठतोस ना?’ असें तोंडीं येऊं लागतें. एका दिवसांत नव्हे. आणि मधूनमधून जुनें वाक्यही निसटतेंच.

पण ते ३५ तास! पुण्यांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आई व मुलगा यांनीं एकमेकांपासून दूर जावें तरी कोठें? कॅलगरी येथें प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हाच आजार होता. त्यांच्या पुढाकारानें १९९७ सालीं पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था निघाली. तिनें धायरी येथें पुनर्वसन केंद्र उभारलें, आणि नातेवाइकांसाठीं स्वमदत गट चालविले. मुलगा दिवसां अशा केंद्रांत जाऊं लागला, म्हणजे आईला दुपारची झोप मिळते, आणि त्यालाही आईच्या नजरेपासून सुटका मिळते. गटांत तर तिला आपलेंच बोलणें दुसरीच्या तोंडून ऐकूं येतें.

तेथें फिरून फिरून निघणारा प्रश्न एकच: माझ्यामागें याचें कसें होणार? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा अधिकार दिला आहे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला, तरी चालतो. ज्या हातांनीं वीस वर्षें गोळ्या दिल्या, त्या आईनें तो कागद मुलापुढें ठेवावयाचा. नांव त्यानें लिहावयाचें, आणि तें तिचेंच असेल असें नाहीं. पुष्कळदां तें बहिणीचें असतें; म्हणूनच या बैठकांना बहीणभावांनाही वेळींच बोलवावें लागतें.