छाट विड्यांचा हिशेब



सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून सल्लामसलत करावी, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ मध्येच मान्य केला. आपल्या सोलापुरात भांडण कुठे होतं? पानावर आणि छाटावर. पान कमी मिळालं, हजार विड्या भरल्या नाहीत, वर काही ‘छाट’ म्हणून काढल्या, की मजुरी तुटली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी विड्या वळणारीही कामगारच होती. म्हणून प्रशिक्षण आधी नोंदीचं द्या: पान किती मिळालं, छाट किती गेली. मालक संघानेही विड्या तपासणाऱ्याला शिकवावं, चर्चेला बसवावं. छाट काढतो तो, बोलायला येतो वकील! आपल्या संघटनांतही वळतात बायका, बोलतात पुरुष. पुढच्या बैठकीला निदान दोघी जणी आपापल्या वह्या घेऊन बसल्या पाहिजेत.