भेक आणि तांबेरा



काशीहून आलेला मनुष्य गंगेविषयी, घाटांविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र वाराणसीच्या परिसरातील गव्हाच्या शेतांतले दोन जीव आपल्यापुढे उभे करणार आहे. एक भेक, म्हणजे अंगावर फोड असलेला ओबडधोबड बेडूक. दुसरा तांबेरा, गव्हाच्या पानावर नारिंगी-तपकिरी पूड धरणारी बुरशी.

भेक प्राणी आणि बुरशी वनस्पती, अशी आपली समजूत असते. पण बुरशीला हरितद्रव्य नसते, आणि तिच्या पेशीभित्तिकेतील कायटिन कीटकांच्या कवचातही आढळते. वंशवृक्ष पाहिला तर तांबेरा ज्या गव्हावर जगतो, त्या गव्हापेक्षा तो भेकाचाच जवळचा आप्त ठरतो!

पाणी दोघांनाही हवे. भेक ओल्या मातीला पोट टेकवून ते त्वचेतून शोषतो. तांबेऱ्याचे बीजाणू पानावर काही तास दव टिकल्याशिवाय रुजत नाहीत. रुजले की त्यांचा तंतू पर्णरंध्रातून आत शिरतो.

खरा भेद ज्येष्ठात कळतो. काशीत पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा भेक दगडाखाली, मातीच्या भेगेत दडून पावसाची वाट पाहतो. तांबेऱ्याला ते साधत नाही. मैदानातले त्याचे बीजाणू त्या उन्हात मरतात. मग पुढल्या हिवाळ्यात तो येतो कोठून? आग्रा कॉलेजातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या प्रश्नासाठी आयुष्य वेचले. थंड डोंगरांवर तांबेरा उन्हाळा काढतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे तांबेरा दरसालचा पाहुणा, भेक घरचा.

म्हणूनच एकट्या गावाने शेत कितीही निर्मळ राखले, तरी पाहुणा अडत नाही. त्यासाठी प्रतिकारक वाण लागतात, आणि बुरशीचे नवे प्रकार त्यांनाही कधी कधी भेदतात. भेकाला मात्र एकटे गावही संपवू शकते: डबके बुजवले की अंडी घालायला जागा उरत नाही, आणि फवारलेले विष त्याच्या पातळ त्वचेतून आत जाते. किडे खाणारा हा सोबती आपण असा गमावतो; वर मुले दगड मारतात तेही त्यालाच. त्याला शिवल्याने चामखीळ येत नाही, एवढे तरी घरी जाऊन सांगा.

आणि पौष-माघात शेतावर गेलात, तर गव्हाचे पान बोटाने पुसून पाहा. बोट तांबूस झाले, तर त्याच दिवशी वडिलांना दाखवा.