पाटाच्या रस्त्यानं, द्राक्षबागांमधून

मैत्रिणींनो, आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचतगटातल्या. आज आम्ही सायकलीची गोष्ट सांगणार आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, तव्यावर भाकरी असेल तर ती उलटा, आणि ऐका.

आमचं गाव गोदावरीच्या डाव्या कालव्याच्या कडेला आहे. कालव्याला आम्ही पाट म्हणतो. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. तिथल्या बंधाऱ्यातून इंग्रजांच्या काळात हे पाट काढले. पाटाच्या भरावावरून मुरमाचा रस्ता जातो. त्यावरून पाटकरी जातो, शेळ्या जातात, एखादी मोटरसायकल जाते. ट्रक नाही, एसटी नाही, हॉर्न नाही. बाजूला कुठं ऊस, कुठं कांदा, आणि मग द्राक्षाच्या बागा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकच्या काही सायकलस्वारांचा निरोप आला. चौदा जण पाटाच्या रस्त्यानं बंधाऱ्यावर पक्षी बघायला जाणार, आणि परतताना वायनरीत जाणार. वाटेत दुपारचं जेवण हवं होतं. तुमचा गट करील का, असं त्यांनी विचारलं.

आम्हाला वाटलं, चौदा ताटं म्हणजे काय मोठंसं! पण बैठकीत विषय निघाला आणि एकदम शांतता पसरली. कारण आमच्या गावात बाटली आडवी झालेली आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो, तेव्हा दुकान बंद होतं. त्यासाठी आम्ही घरोघर फिरलो होतो, शिव्या खाल्ल्या होत्या. आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक दारूपायी गेले. त्या म्हणाल्या, "ज्या बाटलीनं माझं कपाळ पांढरं केलं, तिच्याच पाहुण्यांना मी भाकरी वाढू?"

यावर आमच्याकडे पटकन उत्तर नव्हतं. एक जण म्हणाली, वाईन म्हणजे दारू नव्हे, फळाचा रस. वहिनी म्हणाल्या, "मग लेकराला दे की वाटीभर." खरंच होतं ते. नाव बदललं तरी नशा ती नशा.

पण दुसरी बाजूही होती. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आपल्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षं लावली. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या बागांमध्ये मजुरीला जातात. तेव्हा वाईनशी आपला संबंधच नाही, असंही म्हणता येईना.

तीन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं: ताट द्यायचं, पेला नाही. आपल्या अंगणात कुणी बाटली उघडायची नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगायचं. विनापरवाना दारू देणं हा गुन्हाही आहे, तेही सांगायचं. आणि वहिनींना वाढायला लावायचं नाही. ज्या बाईला जे जमत नाही, ते तिच्यावर लादायचं नाही.

पाहुणे आले. बाजरीची भाकरी, भरीत, मटकीची उसळ, ठेचा, वर बेदाणे घातलेला शिरा. दीडशे रुपये ताट. एकवीसशे जमले, नऊशे खर्च झाला, बाराशे गटाच्या खात्यात. बाटलीचं नावही कुणी काढलं नाही.

जेवणानंतर त्यांच्यातल्या एका ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवले. फ्रान्समध्ये बरगंडी नावाचा भाग आहे, वाईनसाठी जगभर नावाजलेला. तिथं बोन गावापासून सांतने गावापर्यंत वीसेक किलोमीटर द्राक्षबागांमधून सायकलीची वाट आहे. ती नवी जमीन घेऊन केलेली नाही. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ज्या वाटांनी जातात, त्याच वाटा जोडून पाट्या लावल्या. सायकलवाल्यानं ट्रॅक्टरला वाट द्यायची, एवढाच रिवाज. त्याच भागात जिव्री ते क्लुनी अशी रेल्वे बंद पडली होती. रूळ काढले, आणि १९९७ साली त्या जागेवर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी चव्वेचाळीस किलोमीटरची वाट केली. फोटोत पिकल्या केसांच्या बाया सायकलीवर होत्या. पुढं टोपली, टोपलीत पाव.

ताई सहज म्हणाल्या, "तुमच्याकडं तर अशी वाट आधीपासूनच आहे. तुम्ही कधी गेलात का त्या वाटेनं सायकलनं?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. बारा जणींच्या गटात सायकल येत होती दोघींना. आणि त्या दोघींनीही लग्नानंतर हात लावलेला नव्हता.

त्या रात्री हिशोब लिहिताना विषय परत निघाला. हमरस्त्यावर सायकल शिकायची म्हणजे जिवाशी गाठ. शेजारून कांद्याची ट्रॉली गेली की उभी बाई हलते. पण पाटाचा रस्ता मोकळा आहे. भीती वाटायला तिथं आहे कोण?

मग लेकींच्या शाळेच्या सायकली घेतल्या. आधी शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी. लेकी कॅरियर धरून मागं पळायच्या आणि ओरडायच्या, "आई, खाली नको बघू, पुढं बघ!" मैदानाच्या कडेला बसून काही मंडळी हसली. दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा आला. एकीचा पदर साखळीत अडकून फाटला, तेव्हापासून पंजाबी ड्रेस किंवा पदर घट्ट खोचून, हा नियम झाला. बसायची सीट एवढीच उंच ठेवायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. शिकताना हे फार मोलाचं. पडायची भीती निम्मी तिथंच जाते.

महिन्याभरात सात जणी तयार झाल्या. आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. सातवी कोण, सांगू? त्याच वहिनी. म्हणाल्या, "पाहुण्यांना वाढणार नाही म्हटलं होतं, सायकल चालवणार नाही असं कुठं म्हटलं?"

थंडी होती, पाटावर धुकं होतं, बागांच्या पानांवर दहिवर होतं. एकामागं एक, पाटाच्या पाण्यापासून लांबच्या कडेनं. बोलणंसुद्धा ऐकू येत होतं, इतकं शांत.

आमच्यात एक मावशी आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. वीस वर्षं त्यांनी याच पट्ट्यातल्या बागांमध्ये विरळणी केली, घड बुडवले, काढणी केली. वाटेत त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, या बागेत मी शंभर वेळा आले असंल, पण कायम पिकअपच्या मागं उभी राहून. बाग अशी दिसते हे आज कळलं."

आणि मग त्या सांगायला लागल्या. ही खाण्याची द्राक्षं. घड मोकळा हवा, मणी मोठा हवा, म्हणून विरळणी, म्हणून घड औषधात बुडवायचे. बायांच्या हातांना काम असतं ते इथंच. आणि ती पलीकडची वाईनची. मणी बारीक, साल जाड, आत बी, घड गच्च. त्याला विरळायची गरज नसते, बुडवायची गरज नसते. काढणी पहाटेच्या गारव्यात करायची, कारण फळ तापलं तर रस बिघडतो. मावशी शेवटी म्हणाल्या, "म्हणजे वाईनच्या बागेत आपली हजेरी कमी भरती." हे आजवर आमच्या कुठल्याच बैठकीत कुणी बोललं नव्हतं. सायकलीवरून उतरून बांधावर उभं राहिल्यावर ते निघालं.

पुढं एका बागेत ब्लोअर चालू होता. आम्ही लांबच थांबलो, वारा कुठून येतो ते बघितलं, फवारणी संपून धूर बसल्यावर तोंडाला रुमाल बांधून गेलो. पाहुण्यांनाही आता आम्ही हे सांगतो. वेलीवरचं द्राक्ष तोडून तोंडात टाकायचं नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते मालकाला माहीत, आपल्याला नाही.

साडेआठला बंधाऱ्यावर पोचलो. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणतात ते हेच. हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. आमच्या घरापासून बारा किलोमीटर, आणि सातपैकी पाच जणींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. डबे उघडले. वहिनी पाण्याकडं बघत बराच वेळ गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "परत कधी यायचं?"

मैत्रिणींनो, तुमच्याकडं पाट असेल, धरणाची वाट असेल, शिवरस्ता असेल. जायचं असेल तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी ऐका. रस्ता आधी एकदा पायी चालून बघा. पाटाचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो, तेव्हा गटाच्या नावानं अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या. पाटाला आवर्तन सुटलेलं असेल तर काठावर उतरू नका, पाणी वरून संथ दिसतं पण ओढ फार असते. पावसाळ्यात जाऊ नका, काळी माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. द्राक्षकाढणीच्या दिवसांत त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर वाढतात, तेव्हा पहाटेच जा किंवा जाऊच नका. आणि पंप व पंक्चरचं सामान बरोबर हवंच, बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही.

या हिवाळ्यात पाहुण्यांच्या तीन तुकड्या यायच्या आहेत. मावशी त्यांच्याबरोबर सायकलनं जाणार आणि बागा दाखवणार. त्याचे त्यांना दिवसाचे चारशे रुपये वेगळे, तसा ठराव झाला आहे. वहिनी अजूनही पाहुण्यांना वाढत नाहीत. आम्हीही म्हणत नाही. पण बाजाराच्या दिवशी पहाटे पाटावर सगळ्यात आधी त्यांचीच सायकल उभी असते.

वाट शोधली होती पाहुण्यांसाठी. निघाली आपलीच.

नमस्कार.