वाढत्या शहराचा खर्च

शहराच्या वेशीवर दोनतीनशे बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली, म्हणजे तिच्यामागोमाग तिची तहान येते, सांडपाणी येते, वाहने येतात. जलवाहिनी मोठी करावी लागते, रस्ता रुंद करावा लागतो. हा खर्च जुन्या रहिवाशांनी आपल्या घरपट्टीतून सोसावा, की ज्यांच्या बांधकामामुळे तो उद्भवला त्यांनी? महाराष्ट्राने 1966 च्या नगररचना अधिनियमात 1992 साली एक प्रकरण नव्याने घालून दुसरा मार्ग पत्करला. बांधकामाची परवानगी मागणाऱ्याकडून तेव्हापासून विकास आकार घेतला जातो.

विचार मात्र आपल्याकडे त्याहून जुना आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातील योजना अशी होती, की एका भागातील साऱ्या जमिनी एकत्र आणावयाच्या, त्यांतून रस्ते काढावयाचे, उरलेले भूखंड नव्याने आखून मूळ मालकांस द्यावयाचे आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा काही हिस्सा त्यांच्याकडून खर्चापोटी घ्यावयाचा. महाराष्ट्र व गुजरात येथील आजच्या कायद्यांतही ही तरतूद आहे. अहमदाबादेत तर हीच पद्धत नगररचनेचा मुख्य आधार ठरली. तिचा मोठा गुण हा, की रस्ता कोणता, खर्च किती आणि देणारा कोण हे एकाच नकाशावर वाचता येते.

विकास आकाराला असा नकाशा नाही. तो जमिनीच्या सरकारी दराच्या टक्केवारीने मोजला जातो. आता, महागड्या वस्तीतील माणूस स्वस्त वस्तीतल्या माणसाहून अधिक पाणी पितो असे थोडेच आहे! मुंबईत जादा चटईक्षेत्रासाठी जे अधिमूल्य द्यावे लागते, त्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. बांधकामधंद्याला उभारी यावी म्हणून जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने त्या वर्षापुरती अधिमूल्यात निम्मी सवलत दिली. धंदा मंदावला म्हणून जलवाहिनी निम्म्या किमतीत मिळत नसते; तेव्हा या रकमेचा आणि सोयींच्या खर्चाचा संबंध किती सैल आहे हे उघड होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 1978 साली मालमत्ताकरावर मर्यादा आली आणि शहरे अशा शुल्कांकडे वळली. 1987 च्या तेथील कायद्याने शुल्काचा हेतू सांगणे व हिशेब ठेवणे बंधनकारक केले. तरीही एल डोराडो परगण्यात एका लहानशा तयार घरासाठी एका गृहस्थाकडून वाहतुकीपोटी 23,420 डॉलर मागण्यात आले. त्याने रक्कम भरली आणि न्यायालयाची वाट धरली. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की शुल्क विधिमंडळाने ठरविलेले असले म्हणून त्याची छाननी टळत नाही. शुल्क बेकायदा ठरले नाही; प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेले.

हा भार शेवटी कोणावर पडतो? आकार आधीपासून ठाऊक असेल, तर बांधणारा जमिनीला तितकी कमी किंमत देऊ करतो आणि भाराचा बराच भाग जमीनमालकाकडे जातो. जमीन घेतल्यानंतर तो अकस्मात वाढला, तर तो बांधणाऱ्याच्या नफ्यातून किंवा, घरांची टंचाई असल्यास, घर घेणाऱ्याच्या खिशातून निघतो. पुण्यासारख्या शहराच्या कडेला असे घर घेतलेल्या कित्येक कुटुंबांनी ही किंमतही दिली आहे, घरपट्टीही भरली आहे, आणि पाणी मात्र ती टँकरवाल्याकडून विकत घेत आहेत.