समुद्रात लोखंड, आभाळात गंधक
(सटाणा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

2009 सालच्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाऊनहून दक्षिण अटलांटिक महासागराकडे निघाले. त्यावर 20 टन फेरस सल्फेट होते. बागलाणच्या द्राक्षबागेत पाने पिवळी पडली की जे फवारतात, तेच. मोहिमेचे नाव ‘लोहाफेक्स’. नावातला ‘लोहा’ भारतीय, कारण गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था ह्यांचा हा संयुक्त उपक्रम होता, डॉ. वाजिह नक्वी व डॉ. व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख.

कल्पना अशी, की त्या समुद्रात नत्र-स्फुरद मुबलक, परंतु लोह अत्यल्प. लोह दिले की सूक्ष्म शैवाल फोफावेल, हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषील आणि मरून तळाशी जाईल. कार्बन शतकानुशतके गाडला जाईल. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यावर प्रयोग झाला. शैवाल वाढलेही. मात्र तेथे सिलिकाचा तुटवडा असल्याने कठीण कवचाचे डायाटम वाढू शकले नाहीत; जे मऊ शैवाल वाढले ते लहान कवचधारी जीवांनी खाऊन टाकले आणि त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. तळाशी फारच थोडा कार्बन गेला. हे शास्त्रज्ञांनी स्वतःच प्रांजळपणे जाहीर केले. नकारार्थी उत्तर हेही विज्ञानात उत्तरच असते; तेव्हा त्यांची टिंगल करणे गैर होईल.

प्रश्न प्रयोगाचा नाही, त्यामागून येणाऱ्या व्यापाराचा आहे. 2008 साली बॉन येथील जैवविविधता परिषदेने किनाऱ्याजवळचे लहान संशोधन वगळता असे प्रयोग करू नयेत, असे राष्ट्रांना सांगितले होते. म्हणूनच ‘लोहाफेक्स’ला जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली आणि जहाज समुद्रात असताना काम थांबले, फेरतपासणीनंतर जानेवारीच्या अखेरीस परवानगी मिळाली. परंतु 2012 साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे सुमारे 100 टन लोहसंयुग समुद्रात टाकले गेले, तेव्हा असा अडसर आड आला नाही. सामन मासे वाढतील आणि कार्बनचे प्रमाणपत्र विकता येईल, ह्या आशेने एका आदिवासी गावाने त्यात पैसा घातला होता. धूर सोडणारा एक, प्रमाणपत्र घेणारा तोच, आणि जोखीम गावाची! हा व्यवहार सावकारीहून फारसा निराळा नव्हे.

दुसरी योजना आभाळाची. 15 जून 1991 रोजी फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने गंधकाचा प्रचंड लोट स्थितांबरात फेकला. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. पण पुढील वर्षी भूभागावरील पाऊसही घटला. आता विमानांतून असेच गंधक फवारावे, असे काहीजण सुचवितात. एकाच गोलार्धावर ते फवारले तर पर्जन्यपट्टा सरकतो आणि आफ्रिकेच्या साहेल प्रदेशात दुष्काळ पडू शकतो, असे संगणकीय अभ्यास दाखवितात. मोसमी पावसाबाबतही अशी भीती व्यक्त होते. पाऊस आठ-पंधरा दिवस लांबला तर न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराला काही होणार नाही. कसमादे पट्ट्यात मात्र पेरणी उलटते, कांद्याचे रोप जळते आणि सोसायटीचे कर्ज तसेच राहते. शिवाय फवारणी मध्येच थांबली तर दाबून ठेवलेली उष्णता अल्पावधीत उसळेल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावयाचे हे पथ्य आहे, आणि रोगाचे मूळ असलेला कोळसा-तेलाचा धूर तसाच.

मोसम-आरमच्या खोऱ्यात फडपद्धत होती. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला, कोणत्या पिकाला, किती, हे गावाचे पंच ठरवीत व पाटकरी ते वाटीत. ती काही समतेची व्यवस्था नव्हती. ज्याला जमीन नाही त्याला तेथे आवाज नव्हता. तरीही वरच्या शेतकऱ्याने खालच्याला न विचारता पाट फोडला तर त्याला जाब देणे भाग पडे. आभाळाचा पाट फोडणाऱ्याला आज जाब विचारणारी जागाच नाही. महाराष्ट्रात 2003, 2015 आणि 2019 साली कृत्रिम पावसाचे सरकारी प्रयोग झाले. त्यांची तरी जबाबदारी विधिमंडळात विचारता येते. परक्या कंपनीच्या विमानाची कोठे विचारणार?

म्हणून केंद्र सरकारने हवामानावरील अशा हस्तक्षेपाबाबतची आपली भूमिका संसदेपुढे स्पष्टपणे मांडावी, आणि पावसावर जगणाऱ्या देशांच्या संमतीवाचून कोणालाही मोठ्या प्रमाणावर फवारणी करता येऊ नये असा करार मागावा. ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांच्या ठरावांतून दिल्लीला जाऊ शकते. बागलाणमधून ती सुरू होण्यास हरकत नाही.